मोटारसायकलचा अलार्म आणि देखभालीचे काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी मेन स्टँडवर चढवली, सीट काढली, पहिला पाना लावला आणि सगळी सोसायटी गॅलरीत आली, अशा आशयाची पत्रे आमच्याकडे सातत्याने येतात. त्यांतले वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये सर्वसाधारणपणे बाजारातून आणून बसवलेला रिमोट अलार्म गृहीत धरला आहे. कारखान्यातूनच बसवून आलेल्या यंत्रणेसाठी प्रश्न १२ पाहावा.

१. गाडीला नुसता हात लागला तरी अलार्म वाजतो. त्याला नेमके कळते कशाने?

या किटमध्ये सीटखाली बसवलेली एक डबी, भोंगा आणि रिमोट असे तीन भाग असतात. डबीच्या आतच कंपन ओळखणारा सेन्सर असतो. गाडी लॉक असताना हलका धक्का बसला, तर भोंगा दोन-चार वेळा टिवटिवतो आणि जोराचा किंवा लागोपाठ धक्का बसला, तर पूर्ण आवाजात सुरू होतो. याशिवाय डबीची एक वायर चावीच्या स्विचमागे जोडलेली असते, त्यामुळे अनलॉक न करता चावी फिरवली तरीही भोंगा वाजतो. सेन्सरला चोर आणि मेकॅनिक यांच्यातला फरक कळत नाही. गाडी स्टँडवर चढवणे, अडकलेला नट ठोकून सैल करणे किंवा टायर काढणे ही सगळी कामे त्याच्या दृष्टीने चोरीच असतात.

२. मी रिमोटने अनलॉक केले होते. तरीही अर्ध्या मिनिटाने पहिला नट फिरवताच अलार्म का वाजला?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि बहुतेकांना वाटते तसा यात किटचा दोष नसतो. पुष्कळशा किटमध्ये अशी सोय असते, की अनलॉक केल्यानंतर साधारण ३० सेकंदांच्या आत चावी ऑन झाली नाही, तर अनलॉकचे बटण खिशात चुकून दाबले गेले असावे, असे गृहीत धरून डबी आपोआप पुन्हा लॉक होते. मालक अनलॉक करतो, मग निवांतपणे पाने काढतो, खाली पोते अंथरतो, आणि तोवर डबीने आपले काम केलेले असते. पुन्हा लॉक होताना इंडिकेटर एकदा लुकलुकतात. पण दिवसाउजेडी तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. यावरचा उपाय प्रश्न ४ आणि ५ मध्ये दिला आहे.

३. मग चावी ऑन ठेवूनच काम केले तर चालेल का?

हवा तपासणे, क्लचची केबल ताणणे अशा पाच-दहा मिनिटांच्या कामाला चालेल. त्याहून मोठ्या कामाला ही सवय लावून घेऊ नये. चावी ऑन असताना मीटर आणि दिवे बॅटरीवर चालतात, आणि लहान गाड्यांची बॅटरी मुळातच जेमतेम असते. शिवाय चावी ऑन असताना स्टार्टरच्या बटणावर कोपर टेकले, तर इंजिन फिरते. चेन किंवा चाकाचे काम चालू असेल, तर हे किती महागात पडू शकते, ते प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

४. सर्व्हिस मोड म्हणजे काय, आणि तो माझ्या किटमध्ये आहे का?

सर्व्हिस मोडमध्ये अलार्मचे पहारा देण्याचे काम तात्पुरते बंद राहते आणि तो आपोआप लॉकही होत नाही. काही पत्रकांत त्यालाच व्हॅले मोड म्हटलेले असते. तो सुरू करण्याची रीत प्रत्येक किटमध्ये वेगळी असते. कुठे चावी ऑन करून अनलॉकचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, तर कुठे दोन बटणे एकत्र दाबावी लागतात. त्यामुळे किटच्या डब्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी फेकून देऊ नये, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. अगदी स्वस्त किटमध्ये ही सोय नसतेच. सायलेंट लॉक म्हणजे सर्व्हिस मोड नव्हे, हेही लक्षात ठेवावे. सायलेंट लॉकमध्ये काही किटचा फक्त लॉक होतानाचा ‘टिव’ बंद होतो आणि धक्का बसल्यावरचा भोंगा तसाच राहतो.

५. काम सुरू करण्याआधी अलार्म गप्प करण्याचा योग्य क्रम कोणता?

आधी रिमोटने अनलॉक करावे आणि लगेच चावी ऑन करावी. किटमध्ये सर्व्हिस मोड असेल, तर तो याच वेळी सुरू करून इंडिकेटर किंवा भोंग्याच्या खुणेने खात्री करून घ्यावी, मग चावी ऑफ करून एक मिनिट थांबावे आणि सीटवर हलकी थाप मारून पाहावी. भोंगा गप्प राहिला, तर साध्या कामाला एवढे पुरते.

सर्व्हिस मोड नसेल किंवा काम वायरिंगजवळचे असेल, तर अनलॉक केलेल्या अवस्थेतच, ३० सेकंदांच्या आत, अलार्मला बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरवरचा फ्यूज काढावा. नीट बसवलेल्या किटमध्ये हा फ्यूज बॅटरीजवळ छोट्या प्लास्टिकच्या नळकांडीत असतो. घाईत बसवलेल्या किटमध्ये तो नसतोही, आणि तसे असेल तर पुढच्या वेळी तो बसवून घेणे हीच पहिली दुरुस्ती समजावी. कारण फ्यूजशिवायची ती लाल वायर चेसिसला घासली, तर सीटखाली आग लागू शकते.

सीटखालचे मोठे काम असेल, तर बॅटरीच काढावी. आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह वायर काढावी. आधी पॉझिटिव्ह काढू गेल्यास पाना चेसिसला टेकताच ठिणग्या उडतात. बसवताना क्रम उलटा ठेवावा आणि शेवटची वायर टेकवताना रिमोट हातात असू द्यावा, कारण वीज परत येताच काही डब्या लॉक अवस्थेत जाग्या होतात. त्या क्षणी भोंग्याजवळ कान नेऊ नये. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्याविषयी संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, १०० डेसिबलचा १५ मिनिटे आणि ११५ डेसिबलचा जेमतेम २८ सेकंद ऐकणे ही मर्यादा आहे, आणि भोंगे विकले जातात तेच १०० डेसिबलच्या पुढचे आकडे वेष्टनावर छापून. सीटखाली वाकलेल्या माणसाचा कान त्यापासून वीतभर अंतरावर असतो.

६. मी बॅटरीची वायर काढली, तर भोंगा आणखी जोरात वाजू लागला. हे कसे शक्य आहे?

तुमच्या भोंग्यात स्वतःची लहान बॅटरी आहे. चोर सर्वांत आधी बॅटरीची वायर तोडेल, हे धरून केलेली ती सोय आहे. बाहेरची वीज गेली, की असा भोंगा ती चोरीची खूण समजतो. काही भोंग्यांना मागे छोटे कुलूप असते आणि त्याची वेगळी किल्ली मिळते. ती फिरवल्यावर भोंगा बंद होतो. कुलूप नसेल, तर बॅटरीची वायर पुन्हा जोडावी, रिमोटने अनलॉक करावे आणि प्रश्न ५ मधल्या क्रमाने जावे. चिडून भोंग्याच्या वायरी कापण्यात अर्थ नाही, कारण आतली बॅटरी संपेपर्यंत तो वाजतच राहील. अनेकांनी तो पिशवीत गुंडाळून गोधडीखाली ठेवल्याचे कळवले आहे. तो उपाय चालतो, एवढेच म्हणता येईल.

७. डबीचा कप्लर (सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग) काढल्यावर भोंगा थांबला, पण आता गाडीच सुरू होत नाही. काय बिघडले?

बहुधा काहीच बिघडलेले नाही. चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून पुष्कळ किटमध्ये इंजिन बंद पाडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो आणि त्यासाठी गाडीची मूळ वायर कापून तिची दोन्ही टोके डबीतून फिरवलेली असतात. कप्लर काढला, की ती वायर मध्येच तुटल्यासारखी होते.

येथे गाडीच्या जातीप्रमाणे फरक पडतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ या प्रदूषणविषयक मानकाच्या बहुतेक गाड्या इंधन इंजेक्शनच्या आहेत, आणि त्यांचे इंजिन वीजपुरवठा तोडल्यावर बंद होते. म्हणून तेथे कप्लर काढल्यावर गाडी सुरू होणार नाही. डीसी सीडीआय, म्हणजे बॅटरीच्या विजेवर ठिणगी पाडणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांचेही तसेच. याउलट एसी सीडीआय, म्हणजे इंजिनच्याच कॉइलच्या विजेवर चालणारी ठिणगीची यंत्रणा, असलेल्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठी एक वायर अर्थला टेकवावी लागते. तेथे कप्लर काढला तरी गाडी बिनदिक्कत सुरू होते.

काही किटसोबत एक मोकळा बायपास कप्लर मिळतो. डबीऐवजी तो लावला, की मूळ वायरीची टोके परस्परांना जोडली जातात. तो नसेल, तर कापलेल्या वायरीची दोन टोके शोधून जोडावी लागतात. केवळ रंगावर विश्वास ठेवून वायरी जोडू नयेत, कारण किटच्या वायरींचे रंग आणि गाडीच्या वायरींचे रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्पने खात्री करता येत नसेल, तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

८. माझ्या किटमध्ये रिमोटने गाडी सुरू करण्याची सोय आहे. देखभालीच्या वेळी काही विशेष काळजी घ्यावी का?

घ्यावीच, आणि या पानावरचे दुसरे काही वाचले नाही तरी हे उत्तर वाचावे. भोंग्याचा त्रास फार तर कानांना होतो. रिमोट स्टार्टमुळे बोटे जाऊ शकतात. चेन पुसताना एक हात स्प्रॉकेटजवळ (चेनच्या दातेरी चक्राजवळ) असतो, गाडी मेन स्टँडवर असते, रिमोट खिशात असतो, आणि उकिडवे बसताना खिशातले बटण दाबले जाते. गाडी गिअरमध्ये असेल, तर मागचे चाक त्याच क्षणी फिरू लागते आणि चेन व स्प्रॉकेट यांच्यामध्ये बोट सापडते. रिमोट घरातल्या मुलाच्या हातात असेल, तर धोका आणखी वाढतो.

त्यामुळे चेन, चाक, ब्रेक किंवा क्लच यांना हात लावण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये असल्याचे चाक फिरवून पाहावे, हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा किल स्विच बंद करावा आणि तेवढ्यावर न थांबता अलार्मचा फ्यूजही काढावा. किल स्विचवर विसंबून राहू नये असे सांगण्याचे कारण असे, की रिमोट स्टार्टची जोडणी करणाऱ्याने ती किल स्विचला वळसा घालून केलेली असू शकते, आणि स्टार्टर मोटर फिरण्यापुरती वीज मिळाली तरी गिअरमधले चाक फिरतेच. दोन्ही रिमोट घरात, उंच कपाटावर ठेवावेत. माझे स्पष्ट मत असे आहे, की मोटारसायकलला रिमोट स्टार्ट ही हौसेची सोय आहे. गिअरच्या गाडीत ती जोडणी कायमची काढून टाकलेली बरी.

९. गाडी धुताना अलार्म वाजतो आणि धुतल्यावर तासभर वाजत राहतो. उपाय काय?

धुताना वाजतो तो पाण्याच्या झोताच्या माऱ्याने. प्रेशर वॉशरचा झोत सेन्सरला धक्क्यासारखाच जाणवतो. नंतर वाजतो तो मात्र ओलाव्याने. टेप गुंडाळून केलेल्या सांध्यांत आणि कप्लरमध्ये पाणी शिरले, की चावीच्या वायरवर थोडासा विजेचा दाब दिसू लागतो आणि डबीला चावी फिरवल्याचा भास होतो. कोकणात पावसाळ्यात हा त्रास न धुताही होतो. डबी कप्लरचे तोंड खाली येईल अशी बसवावी, सांधे टेपऐवजी झाळून त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि भोंग्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे.

१०. गॅरेजमध्ये गाडी देताना रिमोट द्यावा का?

रिमोट देण्यापेक्षा गाडी सर्व्हिस मोडमध्ये किंवा फ्यूज काढून द्यावी आणि जॉब कार्डवर तसे लिहून घ्यावे. गाडी दिवसभरात तीन माणसांच्या हातांतून जाते, आणि ज्याने रिमोट घेतला तो ट्रायल घ्यायला बाहेर गेलेला असतो. मग उरलेले दोघे वैतागून जी वायर हाती येईल ती ओढतात. माझ्या स्वतःच्या गाडीची मूळ वायरिंग एका गॅरेजमध्ये अशीच कापली गेली होती आणि तो सांधा सापडायला पुढे दोन महिने लागले.

११. गाडी महिनाभर उभी होती आणि बॅटरी पूर्ण उतरली. अलार्ममुळे असे होते का?

होऊ शकते, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. लॉक अवस्थेत डबी १० मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी ४ अँपिअर-तासांची धरली, तर आठ दिवसांत ती निम्मी आणि सतराव्या दिवशी रिकामी होते. स्टार्टर त्याच्या बराच आधी बंद पडतो. डबी २० मिलिअँपिअर घेत असेल, तर हे दिवस निम्मे धरावेत.

मोजायचे असेल, तर निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि बॅटरीच्या टोकामध्ये मल्टिमीटर लावावा, सुरुवात १० अँपिअरच्या सॉकेटने करावी आणि मीटर लावलेला असताना स्टार्टर दाबू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो. बॅटरी उतरत चालली, की अलार्म विनाकारणही वाजू लागतो. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा दिसत असेल, तर अलार्मला दोष देण्याआधी बॅटरी चार्ज करावी.

१२. माझ्या गाडीला कारखान्यातूनच अलार्म आहे. वरचे सगळे तिला लागू होते का?

तत्त्व लागू होते. कृती मात्र ऑनर्स मॅन्युअलमधलीच करावी. हार्ले-डेव्हिडसनच्या सायरन असलेल्या गाड्यांमध्ये फॉब (खिशात ठेवायचा रिमोट) जवळ ठेवून, अलार्म पहाऱ्यावर नसल्याची खात्री करून आणि इग्निशन ऑन करून मगच मेन फ्यूज काढायचा असतो. त्या क्रमाशिवाय फ्यूज ओढल्यास सायरन स्वतःच्या बॅटरीवर वाजतो. गाडी टेम्पोतून नेण्यासाठी त्याच यंत्रणेत वेगळा ट्रान्सपोर्ट मोड असतो.

पुष्कळांना वाटतो तो अलार्म प्रत्यक्षात अलार्म नसतोच. इमोबिलायझर फक्त चुकीच्या चावीने इंजिन सुरू होऊ देत नाही, तो आवाज करत नाही. यामाहाच्या काही स्कूटरमधला ‘आन्सर बॅक’ हा पार्किंगमध्ये गाडी शोधण्यासाठी आहे; धक्क्याने तो वाजत नाही. डिस्क ब्रेकला लावायचे अलार्म असलेले कुलूप ही तिसरीच वस्तू आहे, आणि ते चाकाला हात लावण्यापूर्वी काढणे एवढेच पुरते.

१३. अलार्म बसवल्यापासून डावा इंडिकेटर दिला, की उजवाही मंद लुकलुकतो. हे कशामुळे?

लॉक-अनलॉकच्या वेळी दोन्ही बाजूंचे दिवे लागावेत म्हणून डबीची एकेक वायर दोन्ही इंडिकेटरना जोडलेली असते. एका बाजूची वीज दुसरीकडे जाऊ नये याची काळजी डबीतले डायोड घेतात. डायोड निकामी झाला, किंवा बसवणाऱ्याने दोन्ही बाजू एकाच वायरला जोडल्या, तर वीज उलटी शिरते. कप्लर काढल्यावर दोष नाहीसा झाला, तर दोष डबीतच आहे, हे नक्की. मात्र त्याआधी प्रश्न ७ वाचावा, म्हणजे गाडी सुरू न झाल्यास घाबरायला होणार नाही.

१४. क्रॅश गार्ड किंवा कॅरिअरला गाडीवरच वेल्डिंग करायचे आहे. अलार्म लॉक केलेला नसेल तर पुरे का?

नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी, अलार्मचा कप्लर आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) कप्लरही काढावा. शक्य असेल, तर तो भागच गाडीवरून उतरवून वेल्ड करावा.

१५. रिमोटचा सेल संपला आहे आणि गाडी वाजतेच आहे. आता काय करावे?

आधी सेल बदलून पाहावा. रिमोटच्या मागच्या झाकणाखाली सेलवरच त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो लगेच मिळत नसेल, तर काही किटमध्ये चावी ठरावीक वेळा ऑन-ऑफ करून अलार्म उतरवता येतो. ती संख्या चिठ्ठीत दिलेली असते. तेही जमले नाही, तर सीट काढून फ्यूज काढावा. भोंग्यात बॅटरी असल्यास प्रश्न ६ पाहावा. रिमोट हरवला असेल, तर नवा रिमोट त्याच डबीला जुळणारा असावा लागतो. दिसायला सारखा रिमोट चालेलच असे नाही.

१६. रात्री काम करताना अलार्म वाजला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कोणताही भोंगा ही मर्यादा ओलांडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ प्रमाणे बहुसुरी हॉर्न किंवा कर्कश आणि भीतिदायक आवाज करणारे साधन वाहनाला बसवण्यास मनाई आहे. सहा प्रकारच्या सुरांत आळीपाळीने ओरडणारे भोंगे या शब्दांच्या फार जवळ जातात, असे मला वाटते. म्हणून एकसुरी भोंगा घ्यावा. सेन्सरची संवेदनशीलता डबीवरच्या स्क्रूने किंवा रिमोटने कमी करता येते. शेजारून बुलेट गेल्यावर वाजणारा अलार्म खऱ्या चोरीच्या वेळी कोणी गांभीर्याने घेत नाही.

१७. कंटाळलो. अलार्म कायमचा काढून टाकायचा आहे. काय लक्षात ठेवावे?

डबी काढली, म्हणजे अलार्म निघाला असे नव्हे; कापलेली प्रत्येक मूळ वायर पूर्ववत झाळून जोडावी लागते आणि बॅटरीवरची लाल वायर टोकापासून काढावी लागते. ती तशीच सीटखाली लोंबत ठेवू नये. विम्याच्या हप्त्यात चोरीविरोधी उपकरणाची सवलत घेतली असेल, तर अलार्म काढल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे. अशी सवलत पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या उपकरणांपुरती असते, त्यामुळे बाजारातल्या साध्या किटवर ती मुळात मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त. गाडी वॉरंटीत असेल, तर जोडणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तपासून घेऊन त्याची पावती ठेवावी. काम झाल्यावर चावी ऑफ असताना प्रश्न ११ मधल्या रीतीने वीज पुन्हा मोजावी. पूर्वीपेक्षा आकडा उतरलेला नसेल, तर एखादी वायर अजून जोडलेली आहे.